मामांचा काळा पडदा

‘चालतंय ना? मग चालू द्या की!’ असं म्हणत मामा खिशातला रुमाल काढायचे आणि कॉम्प्युटरची काच पुसायचे. मग चष्म्याची काच. मग पुन्हा कॉम्प्युटरची. काहीही बदलायचं म्हटलं, अगदी पंख्याखालचं टेबल हलवायचं म्हटलं, तरी हेच वाक्य आणि हाच रुमाल. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेलच. आपण त्याला हसतो आणि कामाला लागतो.

आमची बियाण्यांची कंपनी संगमनेरच्या बाहेर, नाशिक-पुणे रस्त्याला लागून होती. मुख्य कचेरी पुण्याला. मी डिस्पॅच बघायचे आणि मामा टपाल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी टपालाचं ई-मेल झालं होतं, तरी आम्ही त्याला टपालच म्हणायचो. मामा सकाळी आले की सगळ्यांना जयभीम करायचे आणि मोडेमवरून फोन लावायचे. ते यंत्र किंचाळायला लागलं की म्हणायचे, ‘बोलाया लागलं बघा पुणं!’ मग एकेक मेल छापून ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवायचे. साहेबांसकट कुणालाच ती पडद्यावर वाचायची सवय नव्हती.

मामांचा मेलचा प्रोग्राम जुना होता. काळा पडदा, त्यावर हिरवी ठसठशीत अक्षरं. माउसची भानगड नाही, सगळं बटणांवर. मामा टायपिंग शिकले तेव्हा मास्तरांनी हातांवर फडकं टाकून शिकवलं होतं. खाली बघायची त्यांना गरजच पडायची नाही.

एक दिवस पुण्याहून इंजिनिअर आला. सगळ्या शाखांत आता एकच नवा प्रोग्राम, असा हुकूम होता. पांढरा पडदा, मुंगीएवढी अक्षरं आणि त्यात फिरणारा इवलासा बाण. त्याने मामांच्या डोळ्यांदेखत जुना प्रोग्राम पुसून टाकला.

‘आवो, पण चालत हुतं की!’ मामा म्हणाले.

‘काका, जमाना बदललाय,’ इंजिनिअर म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

मामांनी वाद घातला नाही. त्यांचा स्वभाव वाद घालायचा नव्हता, वाट काढायचा होता. जुन्या प्रोग्रामच्या फ्लॉप्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. मागच्या गोदामात पोत्यांची नोंद ठेवायला मोडेम आणि प्रिंटरसकट एक जुनाट कॉम्प्युटर होता आणि फोनची तारही तिथवर आलेली होती. तेवढं त्यांना पुरलं. टपाल एकदाच उतरायचं; जो आधी फोन लावेल त्याच्या पदरात ते पडायचं. मामा सगळ्यांच्या आधी येऊन गोदामात बसायचे, जुन्या प्रोग्रामवर सगळं टपाल उतरवून घ्यायचे आणि नेहमीसारखे कागद वाटायचे. टेबलावरचा नवा प्रोग्राम बिचारा दिवसभर रिकामा. हे फक्त मला माहीत होतं, कारण डिस्पॅचची पोती मोजायला मी गोदामात जायचे.

‘ताई, बोलू नगा कुठं,’ ते म्हणायचे. म्हातारा हट्टी आहे, एवढंच मला वाटायचं. त्या हट्टाची मला गंमतही वाटायची.

पण एका सोमवारी साहेब मामांच्याही आधी आले. कसली हौस आली कोण जाणे, त्यांनी स्वतःच नवा प्रोग्राम उघडून बघितला. टपाल धडाधड त्यात उतरलं. खूप आहे, मामा बघतील, असं म्हणून साहेब शेतावर निघून गेले. इकडे मामा गोदामात बसून राहिले आणि त्यांच्या पदरात काहीच पडलं नाही. आज पुण्याला सुट्टी दिसते, असं मला म्हणालेसुद्धा.

त्या टपालात एक तातडीची मेल होती. बाजरीचा एक लॉट उगवणीत नापास झाला होता, तो थांबवा. मी तर सकाळीच त्याचा ट्रक पाथर्डीला रवाना केला होता. दुपारी पुण्याचा फोन आला तेव्हा एकच धावपळ उडाली. फोन केल्यावर आमच्या नगरच्या व्यापाऱ्याने वाटेतच ट्रक अडवला म्हणून बरं, नाहीतर ते बी शेतात पडलं असतं आणि शेतकऱ्याचा हंगाम गेला असता.

साहेब लालबुंद होऊन आले. मामांना त्यांनी नव्या प्रोग्रामसमोर बसवलं.

‘ही मेल सकाळपासून इथे आहे. वाचा, काय लिहिलंय ते!’

मामांनी रुमाल काढला. काच पुसली, चष्मा पुसला, पुन्हा काच पुसली. मग पुढे झुकले, इतके की नाक पडद्याला टेकलं. शेवटी ते म्हणाले, ‘साहेब, तुमीच वाचा. चष्मा घरी ऱ्हायलाय.’

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

आणि मी याला हट्ट समजत होते! साहेबांचा राग कुठल्या कुठे गेला. ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि ती मेल त्यांनी हळूहळू, पहिल्यापासून शेवटपर्यंत मामांना वाचून दाखवली.

मग मामांनी सांगितलं. काचबिंदू. नगरचा डॉक्टर म्हणाला होता, गेलेली नजर परत येत नाही. काळ्यावरची मोठी अक्षरं तेवढी अजून दिसत होती.

‘चूक झाली, साहेब. पर पोरीचं डी.एड.चं शेवटचं वरीस हाय. तिला नोकरी लागंस्तोवर मला घरी बसवू नगा.’

साहेब उठले, पुण्याला फोन लावला आणि आमच्याकडे पाठ करून मोठ्या आवाजात म्हणाले, ‘इथली लाइन फार खराब आहे. नवा प्रोग्राम झेपत नाही तिला. सुधारेपर्यंत आम्ही जुनाच वापरणार.’ आम्ही सगळे पंख्याकडे बघत होतो.

काळा पडदा मामांच्या टेबलावर परत आला. पुढे तोही पुरेना. मग ज्याला वेळ असेल तो शेजारी बसून वाचायचा, मामा ऐकायचे आणि उत्तर टाइप करायचे. बोटं कधी चुकली नाहीत. साहेबांचीही पाळी असायची.

मुलीला भंडारदऱ्याकडच्या शाळेत नेमणूक मिळाली. त्याच आठवड्यात मामांनी आपण होऊन राजीनामा दिला. सगळ्यांनी आग्रह केला, पण ऐकलं नाही. निघायच्या दिवशी, मुलगी दारात उभी असताना, ते मशीनपाशी बसले आणि पुण्याला एक मेल टाइप केली.

‘ताई, चूक हाय का बघा बरं. वाचा.’

मी वाचू लागले. ‘इथली लाइन आता सुधारली आहे. नवा प्रोग्राम उद्यापासून सुरू करण्यास...’ पुढचं मी मनातल्या मनात वाचलं.

‘मोठ्यानं वाचा की,’ मामा म्हणाले, ‘ऐकाया येतंय अजून मला.’