अर्ध्यात पाव किती वेळा

दगाअप्पा गेल्याचं मला शहाद्याच्या बसस्टँडवर कळलं. त्यांच्या सुनेनं गर्दीतून हाक मारली, जवळ येऊन म्हणाली, “बाई, आप्पा गयात.” मी काही विचारणार, तोच तिची एसटी लागली आणि ती गेली. त्याला आता महिना होत आलाय. अप्पा आमच्या भागातले सुतार. त्यांची आठवण निघाली की मला त्यांनी दुरुस्त केलेली बाकं आठवत नाहीत, त्यांचा एक प्रश्न आठवतो...

मी तेव्हा नवीनच शिक्षिका झाले होते. सहावीला अपूर्णांकांचा भागाकार शिकवायचा, म्हणजे दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं. का उलटा करायचा, ते मलाही ठाऊक नव्हतं. लहानपणी मी एकदा विचारलं, तेव्हा गुरुजींनी ‘आगाऊ’ म्हणून उभं केलं होतं आणि मी कानाला खडा लावला होता. नोकरी लागल्यावर मात्र सारखी धास्ती वाटायची, की एखादी पोरगी उठून हेच विचारेल आणि भर वर्गात माझं पितळ उघडं पडेल.

विचारलं ते अप्पांनी. शाळेची बाकं दुरुस्त करायला आले होते, व्हरांड्यात रंधा मारता मारता ते ऐकत असणार. मी फळ्यावर अर्धा भागिले पाव बरोबर दोन असं लिहिलं, आणि ते कानावरची पेन्सिल सावरत दारात येऊन उभे राहिले.

“बाई, रागे भरू नका. मी चवथी शिकेल मानूस. पन भागाकारमा तं कमी व्हयाले पाहिजे ना? आर्धाना दोन कसा व्हयनात?”

“नियमच आहे तसा,” मी म्हणाले.

“हा, पन काबर?”

सगळ्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. माझा चेहरा लाल झाला असावा. “तुम्ही तुमचं काम करा,” असं मी तोडून बोलले. अप्पा परत रंध्याकडे गेले. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

मधल्या सुट्टीत तेच माझ्याकडे आले. रागावलेले नव्हतेच, उलट गंमत सापडल्यासारखे हसत होते. हातात मापाची पट्टी. सुतारांच्या हिशेबात एका इंचाचे आठ सूत. “हाई देखा, आर्धा इंच म्हंजे चार सूत. पाव म्हंजे दोन सूत. चारमाईन दोन दोनना तुकडा काढा... कितला व्हतीन? दोनच! भागाकार म्हंजे कितला तुकडा निंघतीन, तेच इचारनं ना?”

मी पट्टीकडे बघतच राहिले. अख्ख्या इंचात पाव चार वेळा बसतो, म्हणून चारानं गुणायचं. आणि आपल्याकडे अर्धाच इंच आहे, म्हणून दोन. उलटा करायचा तो एवढ्यासाठी! इतकी वर्षं मी ते नुसतं घोकत होते. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, की काल मला हे येत नव्हतं, अप्पांमुळे कळलं. आभाळ काही कोसळलं नाही.

पुढे अप्पा कुठेही भेटले की नवं कोडं काढायचे. एकदा भर बाजारात म्हणाले, “बाई, तिसरा हिस्सा सूतमा बसतच नही!” मग दहा इंच रुंदीची फळी आडवी धरून तिच्यावर टेप तिरपा लावला. एका काठाला शून्य, दुसऱ्या काठाला बरोबर बारा. चारवर आणि आठवर खूण केली, आणि फळीचे तीन सारखे भाग पडले. ‘बसत नही’ म्हणून हा माणूस गप्प बसला नव्हता, याचंच मला जास्त नवल वाटलं.

परवा वर्गात एका मुलीनं विचारलं, “बाई, अर्ध्याच्या लगेच पुढचा अपूर्णांक कोणता?” आम्ही शोधत बसलो. जो म्हणावा त्याच्या अलीकडे आणखी एक निघायचा. “मग अर्ध्याला शेजारीच नाही का?” ती म्हणाली. हे ऐकायला अप्पा हवे होते, असं वाटलं आणि एकदम मला रडूच आलं. ती बिचारी घाबरली, शाळेची भाषा विसरली.

“बाई, मन्हं काही चुकनं का?”

मीही विसरले.

“नही वं पोरी,” मी म्हणाले, “इचार. आखो इचार.”