मार्सेलहून आणलेला सलाम

मुलांनो, पॅरिसच्या पाववालीनं आठवडाभर तुमच्याकडे बघितलंही नाही, हे तुमच्या पत्रात वाचून मला मुरूडचे आमचे शेजारी आठवले, म्हणून लगेच लिहायला बसले.

ते जहाजावर आचारी होते आणि चार वर्षं मार्सेलला राहिले होते. लोक विलायतेहून घड्याळं आणत. यांनी शिष्टाचार आणला. वाण्याच्या दुकानात शिरताच सलाम करायचे आणि उत्तर मिळेपर्यंत काही मागायचे नाहीत. वाणी कुणाच्याच सलामाला उत्तर देत नसे; फार तर शेवटी वैतागून ‘काय हवंय?’ विचारी. त्यामुळे मागे आम्ही सगळे फ्रान्सच्या कृपेनं ताटकळायचो.

"तिथं सलाम न करता पाव मागितला, तर बाईनं ऐकलंच न्हाय," ते सांगत. "मग शिकलो."

"आणि आता आम्हाला शिकवताय," मी म्हणे.

एकदा तापानं फणफणलेल्या तुमच्या बाबाला खांद्यावर घेऊन मी साबुदाण्यासाठी त्यांच्यामागे उभी होते. सलाम झाला. वाणी तराजू पुसत राहिला. त्यांनी वळून बाळाकडे पाहिलं.

"माझा सलाम राहू द्या, शेठ. आधी बाईंना साबुदाणा द्या."

वाण्यानं पुडी बांधली आणि मान खाली घालूनच पुटपुटला, "सलाम, चाचा."

आता दुकानात वाण्याचा नातू बसतो. गिऱ्हाईक आलं की तो आधी नमस्कार करतो.