पांढऱ्या मोज्यांचा माणूस

आजा माणसाच्या तोंडाकडे सर्वांत शेवटी पाहायचे. आधी पाय. दारात कुणी आलं की त्यांची नजर थेट खाली जायची, बुटांवर थांबायची, मोज्यांवर जायची आणि मग सावकाश वर यायची. माझी मुलगी तन्वी तेव्हा आठ वर्षांची होती. पहिल्याच भेटीत ती माझ्या मागे सरकली आणि म्हणाली, "ममा, ही इज स्टेअरिंग ॲट माय क्रॉक्स." आजांना ते ऐकू गेलं नाही. त्यांचा डावा कान एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात, फिजीमध्ये, लोखंडी गजाच्या एका फटक्याने कायमचा गेला होता.

इथे ऑस्ट्रेलियात, क्रेगीबर्नला आमचं आणि त्यांचं घर शेजारी-शेजारी. मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. इथे घरात बसून बातम्यांची भाषांतरं करते. लॉकडाउन लागेपर्यंत या दोघा म्हाताऱ्यांशी माझा संबंध हात हलवण्यापुरता होता. मग रस्ते ओस पडले आणि कुंपणाशी बोलणं सुरू झालं. फिजीच्या ऊसमळ्यांवर करारावर नेलेल्या भारतीय मजुरांची ही नातवंडं-पतवंडं. त्यांच्या हिंदीत वडिलांच्या आई-वडिलांना आजी आणि आजा म्हणतात. तन्वीला अर्धा शब्द आधीच येत होता, उरलेला तिने उचलला. त्यामुळे आम्हा सगळ्यांचेच ते आजा झाले. त्यांचं बोलणं मी इथे मराठीत देते आहे.

आजा तिकडे एका परदेशी लाकूड कंपनीच्या सॉ मिलमध्ये कामाला होते आणि युनियनचे सेक्रेटरी होते. कंपनीला दिलेल्या जंगलांची चौकशी करा, अशी मागणी युनियनने नव्या सरकारकडे केली होती. ते सरकार निवडून येऊन थोडेच दिवस झाले होते. मग सैनिक चेहरे झाकून संसदेत शिरले आणि मंत्र्यांना उचलून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी कामगारांच्या घरांपाशी एक ट्रक येऊन थांबला.

पुढचं आजा उभं राहूनच सांगायचे. एरवी तासन्‌तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसणारा माणूस या गोष्टीला उठायचा. आधी त्यांचा कुत्रा ऊस तोडायच्या कोयत्याने दोन वारांत मारला. मग आजांना केसांना धरून पायऱ्यांवरून खाली ओढलं. जबडा दोन ठिकाणी मोडला. उजव्या हाताची दोन बोटं कुणाच्या तरी टाचेखाली चिरडली. एक डोळा रक्ताने मिटला. गाल मातीवर टेकलेला, म्हणून उरलेल्या डोळ्याला फक्त जमिनीलगतचं दिसत होतं. सैनिकी बूट. अनवाणी पाय. आणि त्यांच्यामध्ये पॉलिश केलेले तपकिरी बूट, वर गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे. डाव्या मोज्यावर रक्ताचा एक शिंतोडा होता. तो आपलाच, असं आजा सांगायचे. मग त्या बुटांच्या वरून कुठूनतरी इंग्रजीत दोन शब्द आले, "दॅट'ल डू." मार थांबला.

आजांचा सगळा आरोप या दोन शब्दांवर आणि एका मोज्यावर उभा होता. त्या आठवड्यात कंपनीच्या गेस्ट हाउसवर कुणी पाहुणा उतरला होता. कुणी त्याला अमेरिकन म्हणायचं, कुणी ऑस्ट्रेलियन. उठाव बाहेरून झाला, कंपनीने ट्रक दिले, असं सांगणारे आजही आहेत. हे सगळं पराभूतांनी रचलेलं आहे, असं सांगणारेही तितकेच आहेत. ज्याने मार थांबवला त्याने तुमचा जीव वाचवला असंही म्हणता येईल, असं मी एकदा त्यांना म्हणाले. आजा शांतपणे म्हणाले, "ज्याच्या शब्दावर मार थांबतो ना बेटी, त्याच्याच शब्दावर तो सुरू झालेला असतो."

आजींना यातलं काहीच मान्य नव्हतं. त्यांचं घर लाकडी खांबांवर उभं होतं आणि त्या वेळी आजी घराखाली चिखलात पालथ्या पडल्या होत्या, तान्ह्या मुलाच्या तोंडावर तळहात दाबून. पोर निळं पडायला लागलं होतं. म्हणजे त्यांनाही दिसले ते पायच. पण त्यांना दिसला तो एक अनवाणी पाय, करंगळी नसलेला. सेमीचा. सेमी शेजारी, मूळचा फिजीचाच, आजांच्या बाजूच्या करवतीवरचा. ती करंगळी करवतीनेच गेली होती आणि त्याला पाठीवर घेऊन आजाच दवाखान्यात धावले होते. रोज संध्याकाळी तो यांच्या चटईवर बसून यंगोना प्यायचा. हे तिकडचं मुळांचं गढूळ, जीभ बधिर करणारं पेय.

"पांढरे मोजे तर पोस्टमास्तरही घालायचा," आजी म्हणायच्या.

"पोस्टमास्तराच्या बुटाला टाच उरली होती का?"

"तुला मोजे दिसतात. रोज माझ्या चटईवर यायचे ते पाय दिसत नाहीत."

हे भांडण तीस वर्षं चाललं होतं. लॉकडाउनमध्ये त्याला बाहेर जायची वाट उरली नाही, तेव्हा ते रोजचं झालं. जेवताना व्हायचं, भांडी घासताना व्हायचं. दोघंही जमिनीवर पडलेले साक्षीदार, चेहरा एकानेही पाहिलेला नाही. सेमी त्यात नव्हताच, असं आजा ठामपणे सांगायचे. का, ते कळायला मला वेळ लागला. मोज्यांचा माणूस खरा असेल, तर ते सगळं लांबच्या कुणीतरी घडवलेलं होतं. तो नसेल, तर चटईवरच्या माणसाने मारलं होतं.

स्थलांतरितांच्या आठवणींच्या एका संग्रहासाठी मी आजांचं बोलणं रेकॉर्ड करत होते. दुसरा साक्षीदार मिळाल्याशिवाय कंपनीबद्दल ठाम काही लिहिता येणार नाही, असं मी त्यांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुम्हा पेपरवाल्यांना चेहरा लागतो. चेहरा दिसेल असं उभं राहून कोण मार खातं?"

दुसऱ्या हिवाळ्यात एक वाईट प्रकार झाला. आजा मागच्या अंगणात मातीत हात घालून बसले होते. कुरिअरवाला, तिशीतला एक पंजाबी गृहस्थ, बेल वाजवून कुणी आलं नाही म्हणून बाजूच्या फाटकातून आत शिरला. पायात तपकिरी बूट होते. आजांना बहिऱ्या कानाच्या बाजूने आलेला माणूस ऐकू आला नाही, एकदम बूटच दिसले. त्यांनी फावडं फिरवलं. त्याच्या दंडाची कातडी आतलं पांढरं दिसेपर्यंत उघडली गेली. मी आरडाओरडा ऐकून कुंपणाशी गेले, तेव्हा आजी त्या माणसाच्या दंडावर टॉवेल आवळत होत्या आणि आजा दुसऱ्यांदा फावडं उचलत होते. मी नाव घेऊन हाक मारली तेव्हा ते थांबले.

त्या माणसाने पोलिसांत तक्रार केली नाही. टाके घालून आला आणि "नो वरीज, अंकल, हो जाता है" म्हणाला. आजांना ते सहन झालं नाही. इतकं करून इतक्यात सुटायचं नसतं, असं ते दोन दिवस म्हणत राहिले. आजी मात्र एकच वाक्य बोलल्या. "तू बूट पाहून मारलंस. तुला कोणी सांगितलं होतं?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी फिजीहून निरोप आला. तिकडे साथ पेटली होती, हॉस्पिटलं भरली होती. सेमी घरीच पडून होता आणि वाचण्याची शक्यता कमी होती. त्याला बुलुबुलु करायचं होतं. ही फिजीच्या मूळ रहिवाशांची रीत, शब्दाचा अर्थ पुरणं. अपराध्याच्या घरचा माणूस व्हेलचा दात किंवा यंगोनाच्या मुळांची जुडी घेऊन येतो, दारासमोर जमिनीवर बसतो, मान खाली घालतो. समोरच्याने ती वस्तू हातात घेतली की प्रकरण मिटलं. त्यानंतर ती गोष्ट कुणासमोरही काढायची नाही. काढली, तर आता अपराधी आपण.

सेमीचा पुतण्या जोने शेजारच्याच सबर्बमध्ये राहायचा, वृद्धाश्रमात शिफ्ट करायचा. तो काकाच्या वतीने येणार होता. प्रश्न आजांचा होता. जुडी घेतली, तर सेमीच्या फटक्यांबरोबर मोज्यांचा माणूसही पुरला जाणार. कंपनीचं नाव घेणारा त्या वस्तीतला बहुधा हा शेवटचा माणूस उरला होता. नाही घेतली, तर सेमी तसाच मरणार.

"घे," आजी म्हणाल्या. त्यांनी तो पाय बरोबर ओळखला होता, हे तीस वर्षांनी कुणीतरी कबूल करत होतं.

आजा माझ्याकडे कुंपणाशी आले. माझ्या वडिलांची वस्ती एकदा जाळली गेली होती, हे मी त्यांना पूर्वी बोलता बोलता सांगितलं होतं. जाळणारे त्याच गावचे होते.

"तुमच्याकडे कुणी आलं होतं का नंतर? असं, काही हातात घेऊन?"

"नाही," मी म्हणाले.

"आलं असतं तर?"

आजांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि ते परत गेले.

जोने रविवारी सकाळी आला. घरात कुणाला घ्यायला बंदी होती, म्हणून सगळं ड्राइव्हवेवर झालं. त्याने मास्क लावला होता, कमरेला लुंगीसारखा सुलू होता आणि बूट त्याने रस्त्यावरच काढून ठेवले होते. थंड काँक्रीटवर मांडी घालून तो बसला, मान खाली, पुढे केलेल्या दोन्ही हातांवर जुडी. समोर विटेला टेकवून फोन ठेवला होता. त्यात सेमीचा चेहरा होता. तो एकेका शब्दाला थांबून श्वास घेत होता. मी कुंपणापलीकडे उभी होते. बोलणं सेमी आणि जोनेच्या भाषेत चाललं होतं, आजी कुंपणाशी येऊन मला हळू आवाजात अर्थ सांगत होत्या.

सेमी म्हणाला, "गज माझ्या हातात होता. तुझा कान मी फोडला. बोटांवर मी उभा राहिलो."

आता जुडी घ्यायची होती. आजांनी घेतली नाही. त्यांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

असं विचारायचं नसतं. जोनेने दचकून मान वर केली. फोनमधून सेमीचं उत्तर आलं.

"कुणी नाही. मला मारावंसं वाटलं."

"आणि तो मोजेवाला?"

"मला मोजेवाला आठवत नाही."

आजी अर्थ सांगायच्या थांबल्या. आजा खाली वाकले, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि जोनेच्या समोर काँक्रीटवर बसले. वाकड्या दोन बोटांसकट दोन्ही हात पुढे करून त्यांनी जुडी घेतली.

"घेतलं," ते म्हणाले.

जोने बूट घालताना हायसं वाटून भराभर बोलत होता. सेमीचे दोन्ही मुलगे त्याच मिलमध्ये आहेत, कंपनीचं नाव बदललं तरी नोकऱ्या राहिल्या, असंही तो त्यात बोलून गेला. मी आजांकडे पाहिलं. त्यांचा चांगला कान आमच्याच बाजूला होता. ते जुडीला लागलेली माती झटकत राहिले. सेमी त्याच आठवड्यात गेला.

मी नंतर एकदाच विषय काढला. सेमी खोटं बोलला असं तुम्हाला वाटतं का, असं विचारलं. आजा म्हणाले, "बेटी, यंदा मटार बरे लागलेत. तन्वीला पाठव तोडायला." रेकॉर्डिंगचं काय करू, यावर ते म्हणाले, "ते आधीचं आहे. तू कुणाकडून काही घेतलेलं नाहीस. तुझं तू बघ." ती फाइल मी संग्रहाला दिली नाही. हेही मी आजींनी लिही म्हटल्यावर लिहिते आहे.

त्या घरात शांतता झाली आणि तिचा त्रास आजींनाच जास्त झाला. त्या जिंकल्या होत्या आणि भांडायला कुणी उरलं नव्हतं. सुरुवातीला त्या त्यांना डिवचून पाहायच्या. मोजे लांब होते की आखूड, पोस्टमास्तरच होता की नाही. आजा ताट उचलून सिंककडे जायचे.

पुढच्या हिवाळ्यात आजा झोपेत गेले. त्याआधी मे महिन्यात फिजीच्या मंडळींची उठावाच्या आठवणीची सभा झाली. ती अजून झूमवरच होत होती. त्यासाठी लॅपटॉप मी लावून दिला होता, म्हणून मी त्या खोलीत होते. चालवणाऱ्या तरुणाने तीन-चार जणांना बोलायला लावलं आणि मग आजांकडे वळला. "अंकल, तुम्ही तर डोळ्यांनी पाहिलंय. कंपनीचा माणूस तिथे होता ना?"

आजा म्हणाले, "मला आठवत नाही."

तरुण समजुतीने हसला. वय झालं की असं होतं, असं काहीतरी म्हणून तो पुढच्या नावाकडे वळला. आजी सोफ्याच्या टोकाला, कॅमेऱ्याबाहेर बसल्या होत्या. त्या सरकत सरकत आजांच्या खांद्याला खांदा लागेपर्यंत आल्या आणि पडद्यात दिसू लागल्या.

"आठवतंय त्यांना," आजी म्हणाल्या. "सगळं आठवतंय. ते बोलणार नाहीत, एवढंच."