न तापवलेलं दूध

तेराव्याला आलेल्या माणसांनी माझ्या बायकोचं जे वर्णन केलं ते ऐकून मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कोणाच्या तरी घरी जेवायला बसलो आहोत. सोशिक होती म्हणे. गरीब गाय होती. कधी वर मान करून बोलली नाही. असं बोलणाऱ्यांत तिच्या कारखान्याच्या गेटवरचा वॉचमनही होता. दोन लाडू संपवून त्यानं तिसरा पानात घेतला आणि मला म्हणाला, "मास्तर, एवढी वर्षं गेटातनं आली-गेली बाई, पण वाकडा शब्द कधी ऐकला नाही बघा."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.

आतल्या खोलीत माझी आई बायकांना सांगत होती की नातवाला तिनंच बाटलीवर वाढवलं. बायका मान हलवत होत्या. त्यांतल्या निम्म्या तेव्हा आमच्या शेजारी राहत होत्या आणि काय घडलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मुलगा आता चौथीत आहे. तोही तिथेच बसून ऐकत होता. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

तो जन्मला तेव्हा आम्ही कासारवाडीला, स्टेशनच्या अंगाला, दोन खोल्यांत राहत होतो. मी पिंपरीच्या एका शाळेत सकाळच्या वर्गांना शिकवत असे. बायको चिंचवडला रेडिओचे भाग जोडायच्या कारखान्यात होती, टेंपररी. बाळंतपणाच्या रजेवर जाताना सुपरवायझरनं तिला बजावलं होतं, परत आल्यावर खाडा न करता दिवाळीपर्यंत काम केलंस तर तुझं नाव कायम होणाऱ्यांत घालतो. पोराच्या नावाखाली दुपारी घरी पळायला लागलीस तर नाव काढून टाकतो. हे सांगताना तो मोठ्या भावासारखा बोलला, असं तिनं मला सांगितलं. असल्या माणसांना मोठा भाऊ व्हायची फार हौस असते.

तिला ती नोकरी हवी होती. पगार लागत होताच, पण तेवढ्यासाठी नव्हे. केसाएवढी तार जागच्या जागी बसली आणि तपासणीच्या टेबलावर दिवा लागला की तिला जे वाटे, ते ती घरी येऊन मला सांगायला बघे. मला त्यातलं थोडंच कळे. पण सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा असे, एवढं कळे.

बाकी सगळ्यांना ती हरायला हवी होती. उघड कोणी म्हणत नसे. काळजी करत असत.

डॉक्टरांपासून सुरुवात झाली. स्टेशन रोडला त्यांचा दवाखाना होता. बायकोनं विचारलं, "दूध काढून ठेवलं तर किती वेळ टिकेल? बाटलीनं पाजलं तर चालेल ना?" डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. प्रश्न तिचा होता, पण उत्तर मला दिलं. "मास्तर, बाटलीच द्यायची तर आईचं दूध कशाला? डबा द्या. विज्ञान कुठल्या कुठे गेलंय." आणि टेबलाखालून दुधाच्या पावडरीचा डबा काढून समोर ठेवला. त्यावर एक गुबगुबीत गोरं बाळ होतं. असं बाळ आमच्या पूर्ण चाळीत कोणाला झालं नव्हतं, पण डबा मात्र चार घरांत होता. रिकामे झालेले डबे बाहेरच्या खोलीत फळीवर मांडून ठेवायची पद्धत होती, बाळ पुढे करून. आत रवा असे.

बायकोनं डबा परत सरकवला. "दूध मला भरपूर आहे, डॉक्टर. वेळ नाहीये." डॉक्टरांना हे उद्धट वाटलं असावं. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मग तिनं स्वतःच बेत आखला. सकाळी निघण्याआधी ती हात धुऊन एका रुंद तोंडाच्या पेल्यात दूध काढी, उकळलेल्या बाटलीत भरी आणि ती बाटली माठाच्या तिवईखाली ओल्या वाळूत गळ्यापर्यंत रोवून ठेवी. ते बाळाचं सकाळचं. कारखान्यात सकाळच्या चहाच्या सुट्टीत बायकांच्या खोलीत, दाराला पाठ लावून, दुसरी बाटली भरी. तिथे आजारपणाच्या खोलीत फ्रीज होता, इंजेक्शनं ठेवायला. कंपाउंडरला विचारलं तर तो म्हणाला, "अहो, औषधांशेजारी तसलं काही ठेवता येत नाही." तसलं काही! त्याच फ्रीजमध्ये तो स्वतःची ताकाची बाटली ठेवायचा. तिनं पाहिली होती. दुसऱ्या दिवशी तिनं एक लहान मडकं आणलं, त्यात ओली वाळू भरली आणि ते आपल्या बाकाखाली ठेवलं.

दुपारी शाळा सुटली की मी सायकलवर चिंचवडला जायचो. जेवणाच्या सुट्टीत ती गेटवर येऊन बाटली माझ्या हातात द्यायची. ओल्या फडक्यात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात घालून, डबा पिशवीत आणि पिशवीचं तोंड बांधून. जणू कारखान्यातलं काही चोरून नेतो आहोत. पण लपवून उपयोग नव्हता. पहिल्या आठवड्यातच सगळ्या गेटला कळलं.

"आले दूधवाले!" वॉचमन ओरडायचा. "काय मास्तर, आज किती लिटर?"

टपरीवर चहा पीत उभे असलेले त्याला साथ द्यायचे. "पाणी घालता का राव?" "आमच्या घरी रतीब लावा की!" हे सगळे आया-बहिणी असलेले लोक होते. सणाला आईच्या पाया पडत असतील. बाईच्या अंगातून मुलासाठी दूध येतं ही गोष्ट त्यांना त्या गेटवर पहिल्यांदा समजल्यासारखी ते हसत. मी खाली मान घालून पिशवी हँडलला अडकवी. ती आत वळे. तिचे कान लाल झालेले मला पाठमोरे दिसत.

घरी आईची वेगळीच कथा. आई खेडजवळच्या आमच्या गावाहून नातवाला सांभाळायला आली होती. तिनं पहिल्याच दिवशी मला दारात अडवलं. "कुठल्या वाटंनं आलास?"

"नदीकडच्या."

"म्हंजी मसणवाट्यावरनं? आन् दूध घेऊन? आरं शिकलास का म्हशी राखल्यास?" मग चुलीतला कोळशाचा तुकडा आणून तिनं पिशवीत टाकला. दूध उघड्यावरनं नेताना कोळसा लागतो, नाहीतर बाधा होते. त्यानंतर रोज पिशवीत कोळसा असे. त्यानं माझ्या तपासायच्या वह्या काळ्या झाल्या, पण मी तो राहू दिला. कोळशानं बाळाचं काही बिघडत नव्हतं.

बाटली ती दारातच माझ्या हातून काढून घेई. "तू बाहेर बस. बापई माणसानं ह्यात पडू नाई." थोड्या वेळानं आतून रडणं सुरू होई. बाळ निपल तोंडात घेई, एक घोट ओढी आणि थुंकून टाकी. पाठीची कमान करून, मुठी वळून रडे. शेवटी आई बोंडल्यानं त्याला पाणी घातलेलं म्हशीचं दूध थोडं पाजी आणि राहिलेली बाटली तुळशीच्या बुडाशी ओती. बाईचं दूध पायदळी जाऊ नये, मुंग्यांनी खाऊ नये, नाहीतर आटतं, म्हणून. तिनं एवढी काळजी घेतली ती ओतून टाकायची.

संध्याकाळी बायको घरी आली की पोर तिला असं लुचे की सोडायलाच तयार नसे. आई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "दिसभर उपाशी ऱ्हातंय लेकरू. त्याला बाटली मानवत न्हाई, आता काय करायचं?" आणि शेजारीण भिंतीपलीकडून, "हो ना बाई. आईची सर कशाला तरी येते का?" ही तीच बाई, जिच्या फळीवर सगळ्यांत जास्त डबे होते.

पावसाळा संपला, पोराच्या मांड्या सुरकुतल्या. बायकोनं बाजारात मिळतात तेवढी निपलं आणून पाहिली. सुई तापवून भोकं मोठी केली, लहान केली. एका बुधवारी रात्री जेवताना ती मला म्हणाली, "शनिवारपर्यंत बघते. नाही प्यायला तर राजीनामा देते." आई पलीकडे भाकरी थापत होती. तिचा हात जरा थांबला आणि मग जास्त जोरानं चालू लागला. समाधानाचा तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, शाळांना रविवारी. त्यामुळे दिवसाउजेडी आम्ही दोघं एकत्र घरी क्वचितच असू. आणि गुरुवारी ती स्वतःच अंगावर पाजत असल्यानं बाटलीचा प्रश्नच येत नसे. त्या गुरुवारी मात्र शाळेला कसली तरी सुट्टी होती. तिनं सकाळी दूध काढलं, आईच्या हातात बाटली दिली आणि म्हणाली, "आत्याबाई, आज तुम्हीच पाजा. आत्ता काढलेलं ताजं घेतो का ते बघू." आणि हंडा घेऊन नळावर गेली.

नळाला पाणी नव्हतं. त्या एका गोष्टीसाठी मी आमच्या नगरपालिकेचा आभारी आहे. ती रिकामा हंडा घेऊन तशीच परत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली. मला हाक मारली, "अहो, इकडे या जरा."

स्टोव्हवर लहान पातेलं होतं. पातेल्यात तिचं दूध खळखळ उकळत होतं. वर पातळ साय धरली होती. आई चिमट्यानं पातेलं धरून दूध उतू जाऊ नये म्हणून फुंकर मारत होती.

"आत्याबाई, हे काय करताय?"

"दूध तापवतीय."

"रोज तापवता?"

"मंग? बाहेरनं आल्यालं दूध तापवल्याबिगर द्यायचं व्हय? मसणवाट्यावरनं येतंय ते. आन् घरचंबी कच्चं पाजत्यात का कुठं?"

बायकोनं पातेल्यात बोट बुडवून चाटलं. मग माझ्यापुढे केलं. मीही चाटलं. कढवलेल्या लोण्याच्या बेरीसारखा उग्र वास, आणि चव कशाचीच नाही. बाटलीच्या तळाशी न ओतलेले चार थेंब राहिले होते. ते तिनं माझ्या तळहातावर घातले. पातळ, गोड. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मुलाच्या बाजूनं विचार केला.

"हे दूध तापवायचं नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "नुसतं कोमट पाण्यात बाटली उभी करायची."

"मला नगं शिकवू. पाच पोरं वाढवल्यात. कच्चं दूध पाजून नातवाला हगवण लावायची मला? मी न्हाई पाजनार."

"अंगावर पितो ते काय मी तापवून देते?"

आईनं पातेलं खाली उतरवलं. तिचं मत मात्र बदललं नाही. मतं बदलायला आमच्या घरात उत्तरं कधी कामाला आली नाहीत.

शुक्रवारी मी बाटली आईच्या हातात दिली नाही. पिशवी घेऊन सरळ आत गेलो. आई म्हणाली, "बाप्या पाजनार! आता मिशीला पदर घे म्हंजी झालं." मी पातेल्यात कोमट पाणी केलं, त्यात बाटली उभी ठेवली, मनगटावर एक थेंब घालून पाहिला. बायकोची सकाळी सोडून ठेवलेली साडी मांडीवर घेतली आणि तिच्यावर पोराला. त्यानं निपल तोंडात घेतलं. तोंड वाकडं करायची तयारी केली. मग थांबलं. मग ओढायला लागलं. डोळे माझ्यावर रोखून, मी मध्येच काढून घेईन अशा संशयानं, त्यानं बाटली तळापर्यंत संपवली आणि साडीचा काठ मुठीत धरून झोपलं.

आई दाराशी उभी होती.

"भूक लागली व्हती म्हून प्यालं," ती म्हणाली. "भुकेलं पोर काय बी पितं."

बायको संध्याकाळी आली. तिनं पालथी घातलेली बाटली उचलून उजेडात धरली. मी काही सांगायच्या आत म्हणाली, "सगळं?" मी हो म्हणालो. तिनं बाटली पुन्हा एकदा घासली, जी घासलेलीच होती.

शनिवारी दुपारी मी गेटवर उभा होतो. वॉचमन, टपरी, चहाचे ग्लास, सगळं जागच्या जागी. ती आतून आली. तिच्या हातात पिशवी नव्हती, डबा नव्हता, फडकंही नव्हतं. काचेची बाटली तिनं तशीच हातात धरली होती, दुधानं गळ्यापर्यंत भरलेली, उन्हात.

वॉचमनला हर्ष झाला. "आज तर उघडाच धंदा! काय बाई, किती भरलं? मोजलं का?"

ती त्याच्यासमोर थांबली. आवाज चढवला नाही. टपरीपर्यंत मात्र तो नीट पोहोचला.

"तुमच्या आईनं मोजून पाजलं होतं का हो तुम्हाला?"

वॉचमननं खाली बघितलं आणि टोपी काढून झटकली, तिच्यावर धूळ नसताना. तिनं बाटली माझ्या हातात दिली, "ऊन लागू देऊ नका" म्हणाली आणि आत निघून गेली. तिची सुट्टी संपत आली होती. दिवाळीनंतर ती कायम झाली.