झाकून ठेवलेलं ताट

काल चर्चमध्ये प्रीतिभोजन होतं. मी मागच्या दाराशी भांडी घासत होते. आत पुरुषांच्या पंगतीत वाद रंगला होता. मास्तर म्हणत होते, "कोण तरणार हे देवानं आधीच ठरवलंय." पाळकसाहेब म्हणाले, "मग माणसानं हात हलवायचेच नाहीत का? विश्वास तर आपणच धरायचा ना?" रूथकाकू वाढता वाढता म्हणाल्या, "आधी जेवायला हात हलवा, भात निवतोय."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. देवानं निवडलेल्यांत आपण नसलो तर, ही भीती मला लहानपणापासून आहे. कुणाला विचारायची लाज वाटते.

शेवटची पंगत उठली तरी मी बाहेरच होते. कुणी बोलावल्याशिवाय मला पानावर बसवत नाही. पातेली रिकामी दिसली, तशी मी गुपचूप घरी निघाले. तोच रूथकाकू ओरडल्या, "अगं, निघालीस कुठं? तुझं ताट मघाशीच वाढून झाकलंय. आता भरवू पण का?"

कोपऱ्यात खरंच ताट होतं, वर परात पालथी घातलेली. मी रिकाम्या पातेल्यांकडे बघत होते, तेव्हा माझा वाटा कधीचाच काढलेला होता. बसायचं मात्र माझं मलाच होतं. मी बसले.

मास्तर खरे की पाळकसाहेब, ते मला अजून कळलेलं नाही. पण पहिल्या घासालाच छातीवरचं ओझं उतरलं. भात पार गार झाला होता. मी रूथकाकूंकडे कांदा मागितला, कधी नव्हे तो स्वतःच्या तोंडानं.