मूठभर कवडी

मानसशास्त्राच्या तासाला सरांनी सांगितलं, माणूस टोळीत राहायचा तेव्हापासून दुसऱ्याला मदत करत आला. आज आपण करू, उद्या तो करेल, या भरवशावर. कामाच्या ठिकाणी कुणी न सांगता केलेली मदतही तिथूनच आली असावी. मी लिहून घेतलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, सरांना काही विचारायला हात वर करत नाही. पण मला आई कामाला जाते त्या कापसाच्या जिनिंगमधली म्हातारी मावशी आठवत होती. तिच्याकडून कुणाला काय परत मिळणार होतं, ते काही समजेना.

दिवाळीच्या सुट्टीत मीही आईसोबत कामाला जात होते. कापसाच्या ढिगातून कवडी, म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस, वेचायची आणि आपापल्या पोत्यात टाकायची. मावशीला दिसेनासं झालं होतं. ती बोटांनी चाचपून वेचायची. मुकादमाला कळलं असतं तर काम गेलं असतं, आणि घरी तिला दुसरं कुणी नव्हतं. म्हणून आई येता-जाता तिच्या पोत्यात मूठभर कवडी टाकायची. समोरची बाईही टाकायची. पाणी प्यायला उठलेली टाकायची. मीही टाकली. याबद्दल कुणी कुणाशी बोललं मात्र नाही.

शनिवारी मुकादमानं सगळ्यांची पोती उचलून पाहिली.

“बुढे, तू तं साऱ्या पोरींच्या वर निघाली,” तो मावशीला म्हणाला. “सोमवारपासून मशीनच्या पट्ट्यावर बस. तिथं तुह्यासारखी नजर पाह्यजे.”

“मले इथंच राहू दे ना भाऊ.”

“काऊन? तिथं पंखा हाय, तो टोचते काय तुले?”

एरवी त्याच्या थट्टेला बाया हसतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही. खरं कारण सांगितलं तरी काम जाणार होतं, गप्प बसलं तरी जाणार होतं. आई मान खाली घालून वेचत राहिली.

सोमवारी पट्ट्यावर मावशी एकटीच होती. कवडीसकट कापूस तिच्यासमोरून मशीनकडे जात राहिला. मुकादमानं तिला जेवणाच्या सुट्टीआधीच कामावरून काढून घरी पाठवलं.

“एकीनंच टाकलं असतं तं तिचं पोतं साऱ्यांच्या वर गेलं नसतं,” घरी येताना आई म्हणाली.

ढिगाजवळ मावशीच्या जागी नवी बाई आली. तिचा हात बसला नव्हता. संध्याकाळी पोतं अर्धंही भरायचं नाही, मुकादम ओरडायचा, ती पदरानं डोळे पुसायची. आम्ही आपापल्या पोत्याकडे बघत वेचत होतो.