मोठेबाबांचा गाल

माझे बाबा आमच्या इचोडा गावात ट्रकच्या पाठीवर चित्रं रंगवायचे. एका दसऱ्याला त्यांनी रंगीत खडूंनी आपल्या थोरल्या भावाचं, म्हणजे आमच्या मोठेबाबांचं, चित्र काढलं. मोठेबाबांना ते फार आवडलं. त्यांच्या किराणा दुकानात गादीच्या वर लावायचं ठरलं. चौकट करताना मी तिथंच होते.

"खालचं नाव झाक बाप्पा," ते चौकटवाल्याला म्हणाले. "माह्या छातीखाली ट्रक रंगवणाऱ्याची सही कायले?"

बाबांच्या सहीवर पुठ्ठ्याची पट्टी बसली. पुढं गिऱ्हाइकांनी विचारलं की मोठेबाबा सांगायचे, हैदराबादच्या मोठ्या कलाकारानं काढलं. बाबा समोर उभे असले तरी सांगायचे. बाबा हसून बाहेर यायचे. मला कधी हसू आलं नाही.

त्याच ट्रकांच्या कमाईवर बाबांनी मला शिकवलं. घरातली पहिली पदवी माझी. आज हैदराबादला जुनी चित्रं सांभाळून दुरुस्त करण्याच्या कामावर आहे, ती त्यांच्यामुळं.

यंदा पावसाळा सरता सरता मोठेबाबांचा फोन आला. "पोरी, माह्या तोंडावर बुरशी आली ना! लॅमिनेशन मारून टाकू का?"

"हात लावू नका. मीच येते."

गेले तर चित्र चौकटीसकट पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं. खडूची भुकटी कागदावर नुसती बसलेली असते, तिला धरून ठेवणारं फारसं काही नसतं. पॉलिथिनमध्ये ओल कोंडून बुरशी आणखी वाढते. चित्र पालथं केलं की ती गळते. मी पॉलिथिन काढलं, चित्र खोक्यात उताणं ठेवलं आणि हैदराबादपर्यंत बसमध्ये मांडीवर आडवं धरून आणलं. असं तर मी मोठेबाबांच्या नातवालाही कधी धरलं नव्हतं.

काच थेट कागदाला टेकलेली होती. पंखा बंद करून ती हळूच उचलली, तर मोठेबाबांचा डावा गाल काचेला चिकटून आला. मला आनंद झाला. कागदाला पाठीमागून एक टिचकी मारली असती, तर उरलेले मोठेबाबाही टेबलावर सांडले असते. बोट तिथवर गेलं होतं. पण सांडले असते ते बाबांचे रंग. आणि सांडलेल्या माणसाला लाज कुठून वाटणार?

मग पट्टी निघाली. खाली बाबांची सही होती. तिला कधी ऊन लागलंच नव्हतं, लाल रंग कालचा वाटावा असा.

भिंगाखाली बारीक ब्रशनं बुरशी टिपत राहिले, श्वाससुद्धा तोंड बाजूला करून सोडायचा. गेलेला डावा गाल फिकाच राहिला. काच भुकटीपासून दूर राहावी म्हणून नवी जाड पुठ्ठ्याची चौकट केली. तिची खिडकी खालच्या बाजूला थोडी जास्त कापली.

दुकानात चित्र टांगलं तेव्हा गुडीहत्नूरचा एक कापूसवाला तेल घ्यायला आला होता. त्यानं मान वर करून वाचलं. "अरे शेठ, हे तं तुमच्या धाकट्याचं नाव!"

मोठेबाबा माझ्याकडं वळले. "हे काऊन दिसून राह्यलं? मागच्यावानी झाक."

"त्याला चौकट उघडावी लागेल. इथं पंख्याखाली उघडली तर दुसराही गाल जाईल. उघडू?"

"मंग हैदराबादले ने."

"नेते. पण सही झाकायचं काम मी करणार नाही. दुसऱ्या कुणी उघडली तर रंग गळतील. तुम्हीच ठरवा, चेहरा हवा की नको."

त्यांनी स्वतःचा डावा गाल चाचपला. "राहू दे," म्हणाले.

घरी बाबा म्हणाले, "कायले छळतं माय? म्हातारा झाला तो."

आता गावी आले की आधी दुकानात जाते. गर्दीची वेळ पाहूनच जाते. पावभर गूळ मागते आणि मोठ्यानं विचारते, "मोठेबाबा, एवढं झकास चित्र काढलं कोणी हो?"

सगळी गिऱ्हाइकं वर बघतात. मोठेबाबा गूळ तोलत राहतात. पुडी हातात घेतली तरी मी हलत नाही. शेवटी त्यांना बाबांचं नाव घ्यावंच लागतं.